टोरिनोच्या बदल्यात

गाडीवेड्या माणसाला एकच प्रश्न विचारून बघा. आत्ता, या घटकेला, तुझी गाडी सोडून दुसरी घ्यायची झाली तर कुठली घेशील? तो तासभर बोलेल. हातवारे करेल, इंजिनांचे आवाज तोंडाने काढून दाखवेल, आणि शेवटी आपल्याच गाडीत बसून घरी जाईल. फुकटच्या बाता. आमच्या अर्जेंटिनातल्या आल्ता ग्रासियाच्या क्लबात मात्र या प्रश्नाचं उत्तर फुकटात देता येत नाही.

दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी डोंगरातून फेरी मारून आलो की अबेलार्दोच्या मळ्यावर आसादोची मेजवानी असते. अबेलार्दो दातांचा डॉक्टर आणि क्लबाचा अध्यक्ष. मांस अजून निखाऱ्यावर असतानाच तो चिठ्ठ्या वाटतो. अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी जी घ्यावीशी वाटते ती लिहायची. स्वतःची चालत नाही, कोरी चिठ्ठी चालत नाही. आणि दोघांनी एकमेकांची गाडी लिहिली, तर जेवणानंतरचं गोड यायच्या आत टेबलावर किल्ल्या बदलायच्या. सोमवारी नोंदणी कचेरीत जाऊन कागद करायचे. कायमचे. रडायचं असेल तर घरी जाऊन.

एकतीस वर्षांत हे फक्त दोनदा झालं, कारण आमचे हे वाघ चिठ्ठी हातात आली की शेपूट घालतात. जो आपल्या गाडीकडे ढुंकूनही बघणार नाही अशाचीच गाडी लिहायची, म्हणजे हौसही झाली आणि धोकाही टळला. वर्षभर त्यासाठी एकमेकांचा अंदाज घेत बसतात. बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण कोण कोणाच्या मस्टँगकडे किती वेळ बघत होता ते बरोबर लक्षात राहतं.

आणखी एक नियम आहे. गाडी कोणाची, हे तिच्या नोंदणीच्या हिरव्या कार्डावरच्या नावावरून ठरतं, चालवत कोण आलं त्यावरून नाही. एकदा एक महाभाग मेव्हण्याची गाडी घेऊन आला आणि किल्ली द्यायची वेळ आल्यावर ‘माझी नाहीच ही’ म्हणून हसत सुटला. तेव्हापासून हा नियम.

एलिसेओ मार्कोनेत्ती चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याची टोरिनो पांढरी, दोन दारांची, एकोणसत्तर सालची. त्या गाड्या जिथे बनायच्या त्याच सांता इसाबेलच्या कारखान्यात तो गिअरबॉक्स जोडायचा, आणि या गाडीचा गिअरबॉक्सही त्यानेच जोडलेला. पगारातून कापून कापून ती घेतली. पुढे कारखान्याने माणसं काढली, आई गेली, घर विकून लहान घर घेतलं, पण गाडी राहिली. लग्न केलंच नाही. टोरिनोला सवत चालणार नाही, असं क्लबात म्हणायचे.

मी नीदिया. गाड्यांच्या सीटा शिवते. दुकान माझं, मशीन माझं, आणि नवरा ओरेस्तेस गेल्यापासून त्याची निळी फियाट कूपेही माझी. तिच्या जोरावर मी क्लबात आहे. ओरेस्तेसला पुरून दोन महिने झाले होते, आणि मी त्याची गाडी घेऊन पहिल्यांदा त्या अंगणात शिरले तेव्हा एकजण म्हणाला, “सेन्योरा, नवऱ्याला न्यायला आलात का?” मग कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं. माफी मागायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

त्याच दुपारी अबेलार्दोने चिठ्ठी वाचली. “एलिसेओला हवी नीदियाची फियाट.”

केवढा हशा पिकला! टोरिनो सोडून ती डबी? “म्हातारबा, गाडी हवीय की गाडीवाली?” एलिसेओ घास चावत राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. अठरा वर्षं एकच चिठ्ठी.

आता नीट बघा. मी एकदा, फक्त एकदा टोरिनो लिहिली असती, तर त्याच दुपारी ती माझी झाली असती. मला नको होती असं नाही. तिच्या सीटा मी दोनदा शिवल्यात, तिच्या छताचं कापड बदललंय, तिचं इंजिन चालू असताना मागच्या सीटवर पाठ टेकून कशी झोप येते ते मला माहीत आहे. मला ती हवी होती. पण अठरा वर्षं मी भलतीसलती नावं लिहीत आले. एलिसेओ दरवर्षी आपली गाडी माझ्या हातात ठेवायचा आणि मी दरवर्षी ती त्याला परत द्यायचे, असं मी धरून चालले होते. यापलीकडे आम्ही एकमेकांना कधी काही बोललो नाही. मी याला प्रेम म्हणत होते. वय झालं म्हणजे अक्कल येते, हे ज्याने शोधून काढलं तो मला एकदा भेटायला हवा.

यंदा रविवारच्या आधीच्या मंगळवारी लिसांद्रो पेरेत्ती दुकानात आला. हा पेरणीयंत्रं विकतो. चाळिशीचा आहे, दात पांढरेशुभ्र, रविवारी पोर्शे घेऊन येतो. बाकी तेरा गाड्या शेडमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेल्या. त्याला टोरिनो हवी होती. तीनदा विचारून झालं, तीनदा एलिसेओने नाही म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तर बोलणं पुरं व्हायच्या आत दार लावून घेतलं. क्लबभर त्याची चर्चा झाली होती. लिसांद्रोच्या तोंडावर दार लागायची ती बहुधा पहिलीच वेळ.

“सेन्योरा, तुमची फियाट मला विका.”

“ऊन लागलं का रे तुला?”

“परवा कागद करू. रविवारी तुम्हीच चालवत आणा, नेहमीसारखी. फक्त कोणाला सांगायचं नाही.”

मला कळायला वेळ लागला नाही. एलिसेओ चिठ्ठीवर फियाट लिहिणार, आणि फियाट असणार याची. मी सीटच्या शिवणीवरून मान वर न करता म्हटलं, “चालता हो.”

तो गेला नाही. स्टूल ओढून बसला.

“म्हातारबा दरवर्षी तुमचीच का लिहितो, विचारलंत कधी त्याला?”

“तुला काय करायचंय?”

“मी विचारलं. न्हाव्याच्या दुकानात, चौघांदेखत. म्हणाला, नीदियाचं नाव लिहिलं की शांत झोप लागते. तिला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. टोरिनो मागायचं तिला सुचायचंच नाही.”

माझी सुई बोटात घुसली. बोट तोंडात धरलं.

“खोटं,” मी म्हटलं.

“न्हाव्याला विचारा. रस्ता ओलांडला की दुकान.”

मी रस्ता ओलांडला. न्हाव्याने आधी नजर चुकवली, मग म्हणाला, “तो काही वाईट अर्थाने नाही बोलला गं.” म्हणजे बोलला होता.

राग आला, असं म्हणणं फारच सौम्य झालं. मला माझीच लाज वाटली. अठरा वर्षं मी जे देत होते ते घेणाऱ्याला मिळत असल्याचा पत्ताच नव्हता. मी देवासारखी उदार, आणि त्याच्या लेखी मी अंगणातली सगळ्यात मठ्ठ बाई. परत येऊन लिसांद्रोला म्हटलं, “गुरुवारी किती वाजता?” त्याने फियाटला कोणी देणार नाही एवढी किंमत सांगितली. मी ऐकलीसुद्धा नाही. पैशांसाठी विकली असती तर आज मला बरं वाटलं असतं.

रविवारी एलिसेओने टोरिनो नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी लावली. उतरून माझ्या पुढच्या टायरला लाथ मारली. “हवा कमी आहे. डोंगर असाच उतरलीस?”

“उतरले की. मेले नाही.”

“नशीब डोंगराचं.”

तो माझ्याच शेजारी बसला. चिठ्ठ्या आल्या. खिसे चाचपून म्हणाला, “नीदिया, पेन दे गं.” मी दिलं. त्याने हात आडवा न धरता, मला दिसेल असं, मोठ्या कारखानी अक्षरांत लिहिलं: नीदियाची फियाट. मी ‘यंदा दुसरी लिही’ एवढे तीन शब्द बोलले असते तरी पुरे होतं. वेळ भरपूर होता. चिठ्ठीची चार वेळा घडी घालायची त्याची सवय. मी तेवढ्यात मीठ पुढे सरकवलं आणि माझं पेन परत मागितलं.

माझ्या चिठ्ठीला आता काही किंमत नव्हती. गाडीच नव्हती ना माझी. तरी मी लिहिलं: एलिसेओची टोरिनो. मला सुचतं, हे त्याला कळायला हवं होतं.

अबेलार्दोने बशीतून एकेक चिठ्ठी काढून वाचायला सुरुवात केली. याला त्याची अल्फा, त्याला याची मस्टँग, टाळ्या, शिव्या, फेर्नेत दारूचे पेले. मग माझी आली.

“नीदियाला हवी...” तो थांबला, चष्मा वर केला. “एलिसेओची टोरिनो.”

एलिसेओचा काटा तोंडाशी थांबला. त्याने तो खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही. एखादी वस्तू वर्षानुवर्षं चुकीच्या खणात शोधत होतो हे कळल्यावर माणूस बघतो ना, तसं. दोन चिठ्ठ्या सोडून त्याची चिठ्ठी निघाली, आणि तीत काय होतं ते सगळ्यांना पाठच होतं. मग जो काय दंगा झाला! बाकांवर चढले, पेले आपटले. “झाली, अदलाबदल झाली! अठरा वर्षांनी बाईने होकार दिला!”

एलिसेओ पांढरा पडला होता. पण त्याने खिशातून किल्ली काढली, आपल्या रुमालाला पुसली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

तेवढ्यात लिसांद्रो उठला. “अध्यक्ष, माझी चिठ्ठी राहिलीय की अजून.”

त्यातही टोरिनोच होती. मग त्याने खिशातून हिरवं कार्ड काढून अबेलार्दोसमोर टाकलं. फियाटचं. त्यावर त्याचं नाव होतं, गुरुवारची तारीख होती. अबेलार्दोने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

“नीदिया, हे खरंय?”

“खरंय,” मी म्हटलं.

“म्हणजे सेन्योराची चिठ्ठी बाद,” लिसांद्रो म्हणाला. “त्यांच्याकडे गाडीच नाही. आणि म्हातारबांनी मागितलीय माझी फियाट. मी मागितलीय त्यांची टोरिनो. नियम तुमचेच आहेत, माझे नाहीत.”

कोणीतरी पुटपुटलं की ही लबाडी आहे. मोठ्याने म्हणायची छाती कोणाची झाली नाही. अर्ध्या टेबलाची शेतं त्याच्या यंत्रांवर पेरली जातात. अबेलार्दो घाम पुसत म्हणाला, “एलिसेओ, तुला मान्य नसेल तर आपण सभा बोलावू.”

एलिसेओने नकारार्थी मान हलवली. बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर एक वकील, वडिलांची गाडी चिठ्ठीत गेली म्हणून, लहान पोरासारखा रडत होता, आणि सगळे माघार घेऊ द्यायला तयार झाले होते. एकटा एलिसेओ उठला होता. ‘नियम आहे,’ म्हणून त्याने वकिलाच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली होती. तो वकील पुन्हा क्लबात आला नाही.

“नियम आहे,” एलिसेओ आता म्हणाला, आणि माझ्या ताटाशेजारची किल्ली उचलून लिसांद्रोला दिली.

फाटकाबाहेर ट्रक आधीपासूनच उभा होता. गाडी वाहून नेणारा, मागे उतरती फळी असलेला. लिसांद्रोने शिट्टी मारली, दोन माणसं आली.

“चालवून ने ना,” एलिसेओ म्हणाला. “सकाळीच तेल बदललंय. डोंगरात तिसऱ्यात ठेव, आपोआप चढते.”

“ही आता चालवायची नाही, म्हातारबा. आहे तेवढ्याच किलोमीटरवर ठेवायची. चालवली की किंमत जाते.”

“मग करणार काय तिचं?”

“काही नाही,” लिसांद्रो हसून म्हणाला. “असेल.”

त्या माणसांनी टोरिनो वर ओढली, चाकांना पट्टे आवळले. एकाने आतल्या सीटवरची एलिसेओची टोपी खिडकीतून बाहेर फेकली. ती गवतात पडली. एलिसेओने वाकून उचलली, झटकली, घातली. लिसांद्रोने फियाटची किल्ली त्याच्या हातात न देता टेबलावर टाकली आणि म्हणाला, “घ्या. झोप लागेल.” यावर दोघेतिघे हसले. मग जेवणानंतरचं गोड, फ्लान, आलं. खरंच आलं, आणि लोकांनी खाल्लंही.

मला घरी जायला वाहन नव्हतं, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. एलिसेओने फियाटचं दार उघडलं आणि मला म्हणाला, “बस.”

अर्धा रस्ता तो गिअरांशी झगडत होता. “दुसरा गिअर पार खाऊन टाकलायस. क्लच पूर्ण दाबत नाहीस तू.”

“एलिसेओ, तू न्हाव्याकडे म्हणालास का, की टोरिनो मागायचं मला सुचणार नाही?”

“म्हणालो.” त्याने लपवलं नाही. “तसंच वाटायचं मला. तू कधी लिहिलीच नाहीस.”

“मुद्दाम नाही लिहिली.”

त्याने पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, “हं.” गिअर बदलत म्हणाला, “मघाशी तुझी चिठ्ठी वाचली ना, तेव्हा मला इतकं काही वाईट वाटलं नाही. म्हटलं, तुझ्याकडे असली तर रविवारी दिसेल तरी. तेल तरी मीच बदलेन.”

मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती वाळलेली शेतं.

“पैशांची अडचण होती का तुला?” त्याने विचारलं.

मी खिडकीची काच खाली केली.

“वेडी आहेस. मला सांगायचंस. मी टोरिनो विकून दिले असते तुला. हा माणूस तीनदा दारात आला होता, चौथ्यांदा हो म्हटलं असतं. ओरेस्तेसची गाडी तरी कशाला विकायची?” तो हे मोठेपणा मिरवत बोलत नव्हता. मी क्लच दाबत नाही हे सांगितलं, त्याच सुरात बोलत होता. आणि तो खरंच विकणार होता, हे मला त्या सुरावरूनच कळलं.

“होती ना अडचण?” त्याने पुन्हा विचारलं. त्याला ‘हो’ हवं होतं. त्याची गाडी कशासाठी तरी गेली, एवढंच त्याला हवं होतं.

“हो,” मी म्हटलं. “होती.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल झाले.

माझ्या घरासमोर त्याने गाडी लावली, इंजिन बंद केलं, उतरून किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. “घे. ओरेस्तेसची आहे ही. उद्या कचेरीत ये, पुन्हा तुझ्या नावावर करून टाकू. मला हिचं काय करायचंय?”

मला नको म्हणता आलं नाही. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी मूठ मिटली. त्याने टायरला लाथ मारून ‘हवा भर’ म्हटलं, आणि बसथांब्याकडे चालत निघाला. रविवारी दुपारी त्या बाजूला बस नसते, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण टोरिनो घेतल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षांत तो कधी बसने गेलाच नव्हता. मला ठाऊक होतं. त्याचं घर सात किलोमीटरवर आहे. किल्ली माझ्या हातात होती, गाडी दारात होती, आणि तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी त्याला हाक मारली नाही.